रुमालाखालचे गुण

होरायंत्राला शंभरपैकी चौतीस गुण पडले, तेव्हा पद्मजाबाईंच्या चहावर साय धरली होती. एखाद्या आकड्याकडे चहा गार होईपर्यंत बघत बसायची वेळ त्यांच्यावर एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच आली होती.

"पुन्हा मोजू का, मॅडम?" त्यांची सहायक रेश्मा मुलाणी हिने विचारलं.

"तीनदा मोजलंस ना?"

"चारदा."

"मग राहू दे. आकडा काही लाजून वाढायचा नाही."

सन २०६४ चा एप्रिल होता. सांगलीचं भाकीत-परीक्षण केंद्र म्हणजे हळदीच्या जुन्या बाजाराला खेटून उभी असलेली दुमजली इमारत. खिडकी उघडली की हळदीची पूड आत यायची, त्यामुळे केंद्रातल्या एकाही पडद्याची कड पांढरी राहिली नव्हती. पुढच्या हंगामात कशाला भाव येईल, कुठे कामाला माणसं कमी पडतील, हे सांगणारी भाकीतयंत्रं देशात उदंड झाली होती. ज्याला त्याला आपलंच यंत्र शहाणं वाटायचं. शेवटी सरकारने कायदा केला. भाकीत करायचं असेल तर दर वर्षी परीक्षेला बसायचं, आणि सलग तीन वर्षं साठच्या खाली गेलात तर कायमचं कुलूप.

डॉ. पद्मजा मगदूम या परीक्षेच्या परीक्षक. अर्थशास्त्रज्ञ असूनही त्यांनी स्वतः आयुष्यात एकही भाकीत केलं नव्हतं. इतरांची भाकितं किती खरी ठरली, हे तपासणं हेच त्यांचं संशोधन. "मला नाटकात काम करायचं नाही. मी तिकीट काढून बघते आणि मग बोलते," असं त्या म्हणायच्या. भाकीत एका बाजूला ठेवायचं, घडलं ते दुसऱ्या बाजूला, आणि मधलं अंतर मोजून तेवढे गुण कापायचे, अशी त्यांची पद्धत होती. तिला देशभर 'मगदूम पट्टी' म्हणत. ओळखीपाळखीने, रडून, ओरडून, जेवायला बोलावून, कशानेही बाईंनी आजवर अर्धा गुण इकडचा तिकडे केला नव्हता.

आणि आता त्यांच्या पट्टीखाली होरायंत्र आलं होतं. दोन वर्षांपूर्वी पंचावन्न, गेल्या वर्षी एकेचाळीस, यंदा चौतीस. शुक्रवारी समितीपुढे हा आकडा ठेवला की यंत्राला कुलूप पडणार होतं.

होरायंत्र दुसऱ्या कुणाचं असतं तर बाईंनी चहा गरम असतानाच सही केली असती. पण ते अण्णांचं होतं. डॉ. बाळगोंडा चौगुले यांनी पद्मजाला मागणी-पुरवठ्याची पहिली आकृती फळ्यावर काढून दाखवली होती, फी भरायला पैसे नव्हते तेव्हा कुणाला न कळू देता भरली होती, आणि निवृत्त व्हायच्या आधी बावीस वर्षं खपून हळदीचा भाव सांगणारं हे यंत्र बांधलं होतं. सुरुवातीला त्याला अठ्ठ्याऐंशी गुण असायचे. मग काय बिघडलं, कुणास ठाऊक, पण गुण घसरत गेले. आज अण्णा एक्याऐंशीचे होते.

"मीच सांगते त्यांना," बाई म्हणाल्या. "पेपरात वाचण्यापेक्षा बरं."

अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते हातात भडंगाची पिशवी घेऊनच. निवृत्तीनंतर त्यांनी दीड एकरात हळद लावायला सुरुवात केली होती, त्यामुळे चपलांना माती होती. खुर्चीत बसून त्यांनी पिशवी उघडली, रेश्मापुढे धरली आणि मग विचारलं, "बोल पद्मा. किती?"

"चौतीस, अण्णा." बाईंनी कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"चौतीस! अरे वा! गेल्या वर्षीपेक्षा सात कमी!" अण्णांनी मूठभर भडंग तोंडात टाकलं. "छान चाललंय की मग."

बाईंनी रेश्माकडे पाहिलं. रेश्माने खांदे उडवले.

"अण्णा, यंत्र बंद पडणार आहे."

"ते कळलं मला. पण तू मला एक सांग. गेल्या एप्रिलमध्ये होरा काय म्हणाला होता?"

"हळद फार लावली जाणार, भाव क्विंटलला सात हजारांवर येणार."

"आणि आला किती?"

"तेरा."

"का आला नाही सातवर?"

"कारण..." बाई थांबल्या. "कारण लोकांनी हळद कमी लावली."

"का लावली कमी?"

बाईंनी गेल्या वर्षीचा तक्ता पुन्हा पुढे ओढला. अण्णा मात्र मजेत होते. "होऱ्याने सांगितलं म्हणून! कोकळ्याच्या, कवठ्याच्या लोकांनी निम्मं रान सोयाबीनला दिलं. भाव पडला नाही, कुणी बुडालं नाही. आणि तू म्हणतेस, होऱ्याचं चुकलं. अगं, पुढं खड्डा आहे म्हणून ओरडलो, माणूस थांबला, पडला नाही. आता मला खोटारडा म्हणायचं का?"

"मग हे इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"परीक्षेला बसलेल्यानं पेपर तपासणाऱ्याला शिकवायचं नसतं," अण्णा म्हणाले. "आणि मला वाटलं, तुला एक दिवस कळेल. तू हुशार आहेस, पण जरा सावकाश आहेस."

हे बोलणं बाईंना झोंबलं, आणि खरंही वाटलं. जोपर्यंत होऱ्याचं कुणी ऐकत नव्हतं, तोपर्यंत त्याला अठ्ठ्याऐंशी मिळत होते. लोक ऐकायला लागले आणि गुण घसरले. आपल्या पट्टीने एकतीस वर्षं उपयोगी यंत्रांना नापास केलं आणि निरुपयोगी यंत्रांना हार घातले, हा विचार बाईंच्या मनात आला.

"पण अण्णा, होरा खरंच बरोबर होता कशावरून? लोकांनी ऐकलं नसतं तर भाव सातवर आलाच असता, हे कोण सांगणार? न घडलेली गोष्ट मोजायची कशी?"

"ते मला माहीत नाही. मोजायचं काम तुझं," असं म्हणून अण्णा पाण्याची पाळी आहे म्हणत निघून गेले. भडंगाची पिशवी तेवढी ठेवून गेले.

उत्तर रेश्माकडे होतं. चार वर्षं खपून तिने संगणकात दुसरी सांगली वसवली होती. जिल्ह्यातला प्रत्येक शेतकरी, प्रत्येक गोदाम, प्रत्येक विहीर यांची प्रतिकृती त्यात होती. नुसती नावं नव्हेत, स्वभावही होते. कोण कुणाचं ऐकतो, कोण हट्टी, कोण शेजाऱ्याच्या बांधाकडे बघून काय लावायचं ते ठरवतो, सगळं. तिला ती 'जुळी सांगली' म्हणायची. आजवर तिचा उपयोग कालव्याच्या पाण्याचं वेळापत्रक लावायला व्हायचा.

"मॅडम, जुळ्या सांगलीत गेलं वर्ष पुन्हा चालवू या," रेश्मा म्हणाली. "सगळं तेच. पाऊस तोच, माणसं तीच. फक्त होऱ्याचं तोंड बंद."

दोघी भडंग खात पडद्यासमोर बसल्या. जुळ्या सांगलीत मे आला, लावणी झाली, पावसाळा आला नि गेला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही आणि जो तो हळदच लावत सुटला. जुळ्या मार्चमध्ये बाजार उघडला आणि भाव घसरत घसरत सात हजार दोनशेवर येऊन थांबला.

रेश्माने हिशेब केला. "एक्याण्णव गुण, मॅडम."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना आनंद झाला होता आणि तो लपवायचं त्यांना काही कारण दिसलं नाही. "एकतीस वर्षं चुकले गं मी," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. "पट्टी बदलायची. समितीला सांगायचं, माझी पट्टी चुकीची होती. होऱ्याला एक्याण्णव."

कायद्यानुसार पट्टी कोणती, हे परीक्षकानेच ठरवायचं होतं. रेश्माने अहवाल टाइप केला. मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, एक बघू का? हे एक्याण्णव पेपरात छापून आल्यावर पुढच्या वर्षी काय होतंय ते?"

"त्याचा काय संबंध? गुण मागच्या वर्षाचे आहेत."

"गुण मागच्या वर्षाचे असतात, पण लोक ते पुढच्या वर्षासाठी वाचतात."

बाईंनी मान डोलावली. होऱ्याचं येत्या हंगामाचं भाकीत तयार होतं: साठा कमी, बेणं कमी, भाव अठरा हजारांवर जाणार. रेश्माने जुळ्या सांगलीतल्या घराघरांत एक्याण्णवचा आकडा पोचवला. झालं! ज्यांनी जन्मात हळद लावली नव्हती त्यांनीही लावली. द्राक्षाच्या बागा मोडून लावली. पुढच्या मार्चमध्ये भाव पाच हजार.

"अगं बाई!" बाई ताडकन उठल्या. "मग चौतीसच दे."

जुळ्या सांगलीत चौतीस दिल्यावर यंत्र बंद झालं. त्याने केलेल्या भाकितावर कुणी विश्वास ठेवला नाही, हळद कमी लावली गेली आणि भाव बरोबर अठरा हजारांवर गेला. म्हणजे ज्याला नापास केलं त्याचं भाकीत तंतोतंत खरं. आणि त्याच्या पुढच्या वर्षी, अठराचा भाव बघून हपापलेल्या जिल्ह्याने इतकी हळद लावली की भाव चारवर आला. होरा नव्हता तेव्हा हेच चालायचं.

सगळे आकडे घालून पाहिले. साठच्या खाली काहीही दिलं की यंत्राला कुलूप, आणि कुलूप लागलेल्या यंत्राचं भाकीत खरं. साठच्या वर दिलं की लोकांची झुंबड, आणि भाकीत खोटं. खऱ्या सांगलीत बाजार आतापर्यंत सरळ चालला होता, कारण लोकांचा होऱ्यावर अर्धवट विश्वास होता. कुणी गुण बघून हसायचं, कुणी तरीही ऐकायचं.

"म्हणजे बघ," बाई मटकन बसत म्हणाल्या, "मला वाटत होतं मी तिकीट काढून नाटक बघतेय. मी तर रंगमंचावरच उभी आहे. माझे गुण हेसुद्धा एक भाकीतच आहे. जाहीर केलं की बिघडतं."

"मग गुण जाहीर करायचेच नाहीत," रेश्मा म्हणाली.

"कायदा काय म्हणतो? नीट वाच."

रेश्माने वाचलं. परीक्षकाने गुण समितीच्या अध्यक्षांस द्यावेत, अध्यक्षांनी उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढे घोषित करावे. आकडा पेपरात देण्याची नुसती रीत पडली होती. पण कागदावर लिहिलेला आकडा समितीच्या कचेरीतून तासाभरात बाहेर जाणार, हे दोघींनाही माहीत होतं.

बाईंची नजर खिडकीबाहेर जुन्या बाजाराकडे गेली. त्यांचे वडील तिथे माल तोलणारे तोलार होते. त्या काळी सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणारा आणि विकणारा एकमेकांच्या हातावर रुमाल टाकायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. एका घेणाऱ्याची बोली दुसऱ्या घेणाऱ्याला कळली तर त्याची बोली बिघडणार, म्हणून हा सगळा आडपडदा. पुढे त्यात लबाड्या झाल्या, पद्धत बंद पडली. पण वडिलांच्या मांडीवर बसून शिकलेली ती बोटांची भाषा बाईंच्या हातात अजून होती.

"रुमाल आण," बाई म्हणाल्या.

एक अडचण राहिली होती. समितीचे अध्यक्ष जयपाल आवटी हे बाजारातल्या सगळ्यात जुन्या अडत्याचे चिरंजीव, आणि चाळीस एकरांचे मालक. आवटींनी रानात काय लावलं, हे बघून तालुका लावायचा. रेश्माने जुळ्या सांगलीत तेही चालवून पाहिलं. आकडा एकट्या आवटींना कळला तर? आवटी चाळीस एकर हळद लावणार, तालुका त्यांच्या मागे, भाव नऊ हजार. नुसतं 'उत्तीर्ण' जाहीर झालं, आकडा कुणालाच कळला नाही आणि लोकांचा विश्वास अर्धवटच राहिला तर? तेरा हजार. पडद्यावर दोन रेघा उमटल्या, नऊची पिवळी आणि तेराची हिरवी.

"नऊ तर नऊ," बाई म्हणाल्या. "पाचपेक्षा बरे. अध्यक्षांना न सांगणं हे कायद्यात बसत नाही, आणि खोटं सांगणं माझ्यात बसत नाही."

शुक्रवारी अकरा वाजता समितीचं सभागृह भरलं होतं. पद्मजाबाईंनी आधी आपली पट्टी चुकीची होती हे सरळ सांगितलं, माफी मागितली, नवी पट्टी समजावली. मग त्या अध्यक्षांच्या खुर्चीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, गुण द्यायचेत. हात पुढं करा."

पांढरा रुमाल पडला. सभागृहात हसू फुटलं, पण जुन्या माणसांनी हसणाऱ्यांना गप्प केलं. बाईंनी आवटींच्या जाड, उबदार हातावर आधी दहाचे नऊ दिले, मग सुटा एक. आवटींनी डोळे मिटले होते. त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता. रुमाल उचलल्यावर ते क्षणभर बाईंकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "उत्तीर्ण. यंत्र चालू राहील."

"किती गुण?" वार्ताहर ओरडले.

"रुमालाखालचं रुमालाखाली," आवटी म्हणाले, आणि पाणी प्यायले.

अण्णा त्या दिवशी रानात होते. फोनवर बातमी ऐकून ते इतके खूश झाले की त्यांना खोकलाच आला. "किती गं दिलेस?" त्यांनी विचारलं.

"फोनवर रुमाल टाकता येत नाही, अण्णा."

वर्ष गेलं. बाईंना मात्र मनातून चैन नव्हती. तालुक्याच्या रस्त्याने जाताना त्या आवटींच्या रानाकडे बघायचं टाळत. आपल्या खरेपणापायी जिल्ह्याला नऊ हजारांवर समाधान मानावं लागणार, हे त्यांना लागून राहिलं होतं.

मार्चमध्ये बाजार उघडला. पहिल्या आठवड्यात भाव तेरा हजार शंभर, दुसऱ्यात तेरा हजार. पोत्यांवर पोती लागली, हमालांना उसंत नव्हती, केंद्राच्या खिडकीतून पिवळा धुरळा आत येत राहिला. सगळे खूश होते. एकट्या बाई कपाळाला आठ्या घालून पडद्यापुढे बसल्या होत्या.

"हिरवी रेघ," त्या म्हणाल्या. "रेश्मा, बाजार हिरव्या रेघेवर का चाललाय? पिवळीवर असायला हवा होता."

"जुळ्या सांगलीत चूक असेल?"

दोघींनी तीन दिवस तपासलं. गावोगावची लावणी जुळत होती, गोदामं जुळत होती, पाण्याच्या पाळ्यासुद्धा जुळत होत्या. चूक कुठेच नव्हती. जाहीर झालेला गुण बाजार बदलतो आणि न कळलेला बदलत नाही, हे सूत्र पक्कं होतं. बाजार बदलला नव्हता. मग एकच गोष्ट शिल्लक राहत होती.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"नाही हो, मॅडम," रेश्मा म्हणाली. "एवढ्या मोठ्या अडत्याचा मुलगा!"

"गाडी काढ," बाई म्हणाल्या.

आवटी आपल्या बांधावर खाट टाकून बसले होते. हळद काढलेलं रान दर वर्षीसारखं दहाच एकर, बाकी ऊस. बाईंनी नमस्कार केला आणि आडवळण न घेता सरळ विचारलं, "साहेब, गेल्या वर्षी मी तुमच्या हातावर किती दिले होते?"

आवटींचा चेहरा हळूहळू लाल झाला. त्यांनी आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं.

"मगदूमबाई, आता तुमच्यापासून काय लपवायचं? वडिलांनी मला सहा वर्षांचा असताना बोर्डिंगात टाकलं. मी बाजारात उभाच राहिलो नाही कधी. ती बोटांची भाषा मला अजिबात येत नाही. पण एवढ्या माणसांपुढं, आवटींच्या पोरानं ते कबूल कसं करायचं, सांगा?"

"अहो, मग उत्तीर्ण कसं केलंत?"

"तुमच्या तोंडाकडं बघितलं. इतकी वर्षं बघतोय तुम्हाला. कुणाला नापास करायचं असलं की तुमचं तोंड कडू औषध प्यायल्यागत होतं. त्या दिवशी तुम्ही हसत होता." ते खाटेवरून पुढे झुकले. "चुकलं का माझं काही? किती होते?"

बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना खाटेच्या कडेवर बसावं लागलं. रेश्माने पाणी दिलं. आवटी आधी ओशाळले, मग तेही हसू लागले. "हसा, हसा," ते म्हणाले. "पण यंदा तरी शिकवा मला. दोन दिवसांत शिकतो. आकडा कळला तर मीही जरा जास्त लावीन की."

"बिलकुल नाही!" बाई एकदम उठून उभ्या राहिल्या. "साहेब, तुम्ही आहात तसे फार छान आहात. अख्ख्या देशात गुण पुरते हातात घेऊन ते कुणालाच न सांगणारे अध्यक्ष तुम्ही एकटे. स्वतःलासुद्धा न सांगणारे."

एप्रिलमध्ये पुन्हा सभा भरली. या वेळी अण्णाही आले होते, पहिल्या रांगेत, धुतलेल्या चपला घालून. पांढरा रुमाल पडला. पद्मजाबाईंनी खरे गुण, एक बोटही न चुकवता, आवटींच्या हातात दिले. कायद्याचं कलम तंतोतंत पाळलं गेलं. आवटींनी बाईंच्या तोंडाकडे एकदा बघून घेतलं, डोळे मिटून गंभीरपणे मान डोलावली आणि जाहीर केलं, "उत्तीर्ण."

टाळ्या वाजल्या. सभा सुटल्यावर अण्णा काठी टेकत पुढे आले.

"पद्मा, वर्षभर थांबलोय. आता मला तरी सांग. माझं यंत्र आहे."

बाईंच्या हातात रुमाल होताच. अण्णांना ती भाषा येत होती, चांगली येत होती. ज्यांनी आपल्याला शिकवलं, त्या गुरूंना त्यांच्या यंत्राचा निकाल सांगायची ही संधी बाईंना हवीच होती. त्यांनी रुमाल पसरला. अण्णांनी सुरकुतलेला हात पुढे केला, बाईंनी तो हातात घेतला आणि पहिलं बोट दाबणार, तेवढ्यात अण्णांनी हात झटकन मागे ओढला.

"नको," ते म्हणाले.

"का हो?"

अण्णांनी हात खिशात घालून टाकला. त्यांच्या चेहऱ्यावर भरून पावल्याचं हसू होतं.

"दीड एकर हळद आहे माझी."